कवळी काय नि होडी काय

आदरणीय मेहुणेसाहेब,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा उभ्याउभ्याच नमस्कार. वाकून केला असता, पण कंबर धरली आहे, आणि ती का धरली हे सांगायलाच हा पत्रप्रपंच. (घरात फोन आहे, ठाऊक आहे. पण फोनवर तुम्ही 'बरं बरं, आणखी काय' म्हणून मला दुसऱ्याच वाक्यात गुंडाळता. कागदाशी तसं करता येत नाही.) तुमची तब्येत, वहिनींचा गुडघा आणि नव्या फ्लॅटची ती न उघडणारी खिडकी, तिघांचंही बरं चाललं असेल अशी आशा करतो. इकडे सगळे खुशाल. माझ्या डाव्या हाताच्या बोटांवर फोड आहेत, उजवी भुवई अर्धी जळाली आहे (तुमची बहीण म्हणते, त्यामुळे मी आता सतत कशाला तरी हरकत घेतल्यासारखा दिसतो), पण खुशाल.

आई गेल्यानंतर आपण बसून ठरवलं की बाबांनी सहा महिने तुमच्याकडे आणि सहा महिने आमच्याकडे राहायचं. आमची पाळी आली तेव्हा तुम्ही एकाच टेम्पोतून दोन गोष्टी पाठवल्यात. पुढे ड्रायव्हरशेजारी बाबा, आणि मागे दोरखंडानं आवळलेली तुमची जुनी अॅल्युमिनियमची होडी. सोबत तुमचा निरोप की नव्या जागेत ठेवायला जागा नाही, थोडं लक्ष दिलं तर अजून पुष्कळ वर्षं चालेल. हे वाक्य नक्की दोघांपैकी कुणाबद्दल होतं, यावर आम्हा नवराबायकोचा त्या दिवशी बराच वाद झाला. होडीचं तर विचारूच नका. तळाला चिरा, जोडातले रिव्हेट खिळखिळे, बसायच्या फळीखाली कुजलेला फोम आणि त्यात मुंग्यांचा सुखी संसार. पण होडीची निदान दुखणी दिसत होती. बाबा मात्र आतल्या खोलीत खिडकीकडे तोंड करून बसायचे. हाक मारली की जेवायला यायचे आणि काहीही वाढलं तरी 'छान झालंय' म्हणून उठायचे. ज्या माणसानं उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासली, ज्यानं आमच्या लग्नाच्या दिवशी पाहुण्यांसमोर आमच्याच पत्रिकेतली चुकलेली वेलांटी बोट ठेवून दाखवली, त्यानं खारट भाजीला 'छान' म्हणावं? तुमच्या बहिणीला धास्तीच बसली. मुद्दाम करपवून बघितलं तिनं एकदा. 'छान झालंय.' त्या दिवशी ती रडली.

होडी मी दुरुस्त करायला घेतली ती काही बाबांसाठी नव्हे, खोटं कशाला बोलू? ती परसात दार अडवून बसली होती म्हणून. शिवाय माझा धंदा कवळ्या बनवण्याचा, म्हणजे धातू वितळवणं, ओतणं, घासणं हे रोजचंच. मी तुमच्या बहिणीला छातीठोकपणे सांगितलं, कवळी काय नि होडी काय, दोन्ही पाण्यातच राहायच्या. गल्लीच्या टोकाच्या ग्रिलवाल्यानं वेल्डिंगचं मशीन, गॅसची टाकी आणि काचेचा मुखवटा, सगळं आपणहून आणून दिलं. (असा शेजार मिळायला पुण्याई लागते. मशीन परत मागायला तो अजून आलेला नाही. रस्त्यात दिसला की फक्त माझ्या भुवईकडे बघतो आणि जीभ चावतो.) त्यानं बजावलंही होतं की साहेब, हे लोखंड नव्हे, जपून. मी मान हलवली. मान हलवायला काय लागतं!

आता अॅल्युमिनियमचा स्वभाव सांगतो. लोखंड तापलं की लाल होतं, म्हणजे निदान 'मी चिडलोय' असं कळवतं. अॅल्युमिनियम काही कळवत नाही. वर एक न दिसणारी कातडी असते, ती आधी तारेच्या ब्रशनं खरवडून काढावी लागते. नाही काढली तर वरून जसंच्या तसं आणि आतून पाणी पाणी. चेहऱ्यावर काही दिसत नाही, दिसत नाही, आणि मग एकदम सगळंच्या सगळं ओघळून खाली. (ओळखीच्या कुणासारखं वाटलं का? मलाही वाटलं, पण पुष्कळ उशिरा.) पहिल्याच दिवशी मी बोटभर चीर बुजवायला गेलो आणि तिथे मूठ जाईल एवढं भगदाड पाडलं. ते बुजवताना शेजारी दुसरं. भगदाडांची संख्या वाढत गेली तसा माझा आत्मविश्वास कमी व्हायला हवा होता, पण तुम्ही मला ओळखता. त्यात मशीन चालू केलं की सगळ्या घराचे दिवे मिणमिणायचे आणि भिंतीपलीकडच्या शिवणकामवाल्या बाईंचं मशीन धापा टाकायला लागायचं. एकदा तर आमचा फ्यूजच उडाला.

आणि त्या उडालेल्या फ्यूजचे मी जन्मभर पाय धुऊन पाणी प्यायला तयार आहे. कारण आतल्या खोलीतला पंखा बंद पडला आणि बाबा बाहेर आले.

आले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेतला आणि मी नुकत्याच घातलेल्या वेल्डिंगच्या रेघेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं. (गार झाली होती, नाहीतर हे पत्र वेगळंच झालं असतं.) मी जीव मुठीत धरून उभा. सासरे म्हणाले, "जावईबापू, ही ओळ आहे की माश्यांनी घाण केली आहे?"

मेहुणेसाहेब, इतका अपमान होऊनही इतका आनंद मला आयुष्यात झालेला नाही. मी धावत स्वयंपाकघरात गेलो आणि तुमच्या बहिणीला म्हटलं, बाबांनी नावं ठेवली! ती हातातलं भांडं तसंच घेऊन बाहेर आली. तोवर बाबांनी कुठूनसा खडू पैदा केला होता आणि तळावर खुणा करायला लागले होते. ही रेघ काढून टाका. इथे जागा सुटली आहे. इथे दोनदा आलं आहे. हे कुणी लिहिलं? माझ्या कामाचं मुद्रित त्यांनी असं तपासलं की अखेर चांगला भाग तेवढा खुणेशिवाय राहिला, आणि तो कारखान्यातून आलेला मूळचा होता.

त्या दिवसापासून या घरात माझे जे हाल सुरू झाले, ते तुम्हाला कळावेत म्हणून सविस्तर लिहितो. सकाळी माझा चहा संपायच्या आत बाबा परसात. दुकानातून यायला जरा उशीर झाला की फाटकात उभे. मी म्हणावं, बाबा, हे पाण्याखाली जाणार, कुणाला दिसतंय? की ते म्हणणार, मासे आंधळे आहेत का? एकदा मी चिडून म्हणालो की हे माझं क्षेत्र आहे, तीस वर्षं धातूत घालवली मी. त्यांनी शांतपणे तोंडातली कवळी काढली, होडीवर ठेवली आणि बोळक्या तोंडानं विचारलं, "ही तुमचीच ना? बोला आता." (ती थोडी हलते, मान्य. पण त्यांच्या हिरड्यांचाही काही दोष आहे.) मी मुकाट्यानं रेघ खरवडली. संध्याकाळी जेवताना म्हणाले, भाजीत मीठ जास्त आहे. तुमची बहीण म्हणाली, "हो ना बाबा, जास्तच आहे!" आणि असा काही चेहरा फुलला तिचा, जसं काही भाजीला बक्षीस मिळालं.

वेल्डिंग हळूहळू जमायला लागलं. (ओळीला ओळ म्हणण्याइतपत, सुवाच्य नव्हे.) मग रिव्हेटांची पाळी आली. जुने काढून नवे ठोकायचे तर दोन माणसं लागतात. बाहेरून एकानं हातोडी मारायची आणि आतून दुसऱ्यानं लोखंडी ठोकळा घट्ट दाबून धरायचा. होडी उपडी करून लाकडी घोड्यांवर ठेवली होती. बाबा म्हणाले, मी आत बसतो. त्या पालथ्या होडीखाली स्टुलावर पंचाहत्तरीचा माणूस बसवायचा माझा जीव होईना, पण ते ऐकतात थोडेच. बसले. आम्ही एकमेकांना दिसत नव्हतो. आतून आवाज यायचा, "धरलंय, मारा." मी मारायचो. पुढचा. "धरलंय, मारा." असं बरंच चाललं. आणि मध्येच आतून म्हणाले, "हिच्याबरोबर असंच असायचं."

मला आधी हातोडीच डोळ्यांसमोर आली. पण ते सांगत होते वेगळंच. घरी मुद्रितं आणली की आई मूळ कागद हातात घेऊन मोठ्यानं वाचायच्या आणि बाबा छापलेल्यावर बोट ठेवून बसायचे. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं धरायचं. आई स्वल्पविराम, अवतरणचिन्हं सगळं तोंडानं म्हणायच्या, आणि पुढे पुढे ती सवय अंगवळणी पडली ती इतकी की भांडतानासुद्धा सुटेना. 'तुम्ही मला कधी म्हणजे कधी कुठे नेत नाही उद्गारचिन्ह.' तुम्ही लहानपणी हे ऐकलंच असेल. मला नवीन होतं. होडीच्या आतून हसू ऐकू आलं. पत्र्यामुळे ते मोठं वाटलं की खरंच मोठं होतं, सांगता येत नाही. मग म्हणाले, "ती गेल्यावर दोघांचं असं काम आज पहिल्यांदाच करतोय." आणि पुढचं 'धरलंय, मारा' काही आलं नाही.

मी हातोडी घेऊन उभा. या सबंध कामात माझ्या हातून एकच गोष्ट निर्दोष झाली असेल, तर ती ही, की मी वाकून आत बघितलं नाही. उभा राहिलो. शिवणकामवाल्या बाईंचं मशीन तेवढं चालू होतं. बऱ्याच वेळानं आतून नाक शिंकरल्याचा आवाज आला आणि बाबा खेकसले, "मार रे! थांबलास का? हात अवघडला माझा."

लक्षात आलं का? लग्न झाल्यापासून मी त्या माणसाचा 'जावईबापू, तुम्ही' होतो. तेव्हापासून 'तू' झालोय, आणि अधूनमधून 'गाढवा'. हे मी कुणाला दाखवू शकत नाही, नाहीतर चौकट करून भिंतीवर लावलं असतं.

गेल्या रविवारी ग्रिलवाल्याच्या हातगाडीवरून होडी तलावावर नेली. तुमची बहीण काठावर, मी वल्ह्याला, बाबा मागच्या फळीवर छत्री उघडून. होडी तरंगली! एकही रेघ गळली नाही, एकही रिव्हेट नाही. मी अभिमानानं काठाकडे हात केला, तेवढ्यात पाय ओले झाले. मागच्या बाजूला पाणी सोडायचं जे भोक असतं, त्याचं बूच लावायचंच आम्ही दोघं विसरलो होतो. मी घाबरून होडी वळवायला लागलो, तर बाबांनी छत्री मिटली, खाली वाकून भोकात अंगठा घातला आणि म्हणाले, "वळतोस कशाला? मी धरलंय. तू मार." आणि आम्ही तशीच तलावाला पूर्ण फेरी मारली, बाबा ओणवे, धोतर भिजलेलं, मोठमोठ्यानं हसताहेत, आणि मी वल्हं मारतोय. परत आलो तेव्हा तुमची बहीण गवतात बसकण मारून, पदर तोंडाशी धरून बसली होती. विचारलं तर म्हणाली, ऊन डोळ्यांवर येतंय. ऊन तिच्या पाठीमागे होतं.

तेव्हा मेहुणेसाहेब, मनापासून आभार. तुम्ही ती होडी वेळच्या वेळी रंगवली असती, झाकून ठेवली असती, मुंग्यांना आत घेतलं नसतं, तर ती इथे धडधाकट आली असती आणि मी ती दुसऱ्याच दिवशी कुणाला तरी देऊन टाकली असती. तुमच्या त्या थोर निष्काळजीपणाचे उपकार आमच्या घरावर कायमचे आहेत. वहिनींना नमस्कार.

तुमच्या बहिणीचा,
अर्ध्या भुवईचा नवरा

ता. क. होडी पूर्ण झाली असं तुम्हाला वाटलं असेल तर तसं नाही. काल बाबांनी पुढचा एक जोड दाखवला आणि म्हणाले, ही रेघ वाकडी आहे, उघडू या. रेघ अगदी सरळ, ओळंब्यात होती. मला दिसत होतं, त्यांनाही दिसत होतं. मी म्हटलं, हो बाबा, फारच वाकडी आहे. उघडली.

ता. क. २. पुढच्या महिन्यापासून बाबांची तुमच्याकडची पाळी. ठरलेलं आहे, मला मोडायचा अधिकार नाही, आणि त्यांच्यावर तुमचा हक्क माझ्यापेक्षा कितीतरी मोठा, हेही कळतं. बाबांना विचारलं, तर ते म्हणाले, "त्याचं मन मोडू नकोस," आणि दिवसभर खडू शोधत राहिले. म्हणून माझ्याच जबाबदारीवर लिहितो. वर केलेल्या सगळ्या तक्रारी मागे घेतो. टेम्पो पाठवू नका. रविवारी तुम्ही नि वहिनी या, तलावावर जाऊ, वल्हं तुमच्या हातात देतो, हवे तितके दिवस राहा. येताना दोघं या, आणि हात जोडून सांगतो, जातानाही दोघंच जा.