नारळाच्या वड्या कोणी केल्या

बाई, तुम्ही गेल्यावर हे विचारण्यात अर्थ नाही, पण तुम्ही होतात तेव्हा धीर झाला नाही. डोंबिवलीच्या तुमच्या बालवाडीत बाकीच्या शिक्षिकांना तुम्ही आडनावाने हाक मारायचात. मला मात्र 'बी.ए. बाई'. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, त्यामुळे सुरुवातीला मला ते मिरवावंसं वाटलं. मग शंका आली, पालकांच्या कानावर माझं आडनाव पडू नये म्हणून तर नाही? तेव्हापासून मी तुमचा प्रत्येक शब्द पारखून घ्यायला लागले.

त्या रक्षाबंधनाला सतरंजीवर मुलगे बसलेत, समोर मुली, हातात मनगटापेक्षा मोठ्या स्पंजच्या राख्या. एक मुलगा राखी चाखून बघतोय. एक मुलगी ठाम सांगतेय की ती याला बांधणार नाही, हा चावतो. भरवायला मी घरून नारळाच्या वड्या आणल्यात. आपण बौद्ध, आपल्यात कुठे असतो हा सण, असं वडील म्हणाले होते. तरी आई पहाटे उठून नारळ खवत बसली, कारण वड्या लेकीच्या शाळेत जायच्या होत्या.

मुलं एकमेकांना भरवत होती, निम्मी वडी गालाला. तेवढ्यात एक आई मुलाला न्यायला आली. पदराने त्याचं तोंड पुसत तिने विचारलं, "कुणाच्या घरच्या?" नजर माझ्यावर होती. तुम्ही ताट माझ्या हातातून घेतलंत.

"माझ्या. मीच केल्यात. घ्या ना."

तिने दोन खाल्ल्या. कृती विचारली, तर पाक किती घट्ट हवा तेही तुम्ही सांगितलंत. तुम्ही मला पाठीशी घातलंत की लपवलंत? पुढच्या वर्षी मला बाजूला घेऊन हळूच म्हणालात, "आईला सांग हं, वड्या." हळूच का?

आता टिटवाळ्याला माझी स्वतःची बालवाडी आहे. पाटीवर आडनावासकट नाव आहे. राखीला वड्या आईच्याच असतात आणि मी तसं सांगते. सांगताना समोरच्या चेहऱ्याकडे बघते, ती सवय काही जात नाही.

पण एक कबूल करते, बाई. तुम्ही 'मीच केल्यात' म्हणालात तेव्हा मला आधी हायसं वाटलं होतं. राग आला तो घरी पोचल्यावर, आईने रिकामा डबा उघडून बघितला आणि खूश होऊन विचारलं, "काय म्हणाल्या गं बाई?"