आदर्श क्लब, वेळ साडेतीन ते साडेपाच

३ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ७.
आजपासून क्लब सुरू. शाळा सुटल्यावर दोन तास, आमच्या हॉलमध्ये. वय पाच ते आठ. मुलं सहा, त्यात आमची नात भिंगरी. खरं तर तिच्यासाठीच सगळा खटाटोप. लेक म्हणाली, महिनाभर बघू. भिंगरी रमली तर दुपारी आजोबांकडे, नाहीतर मागच्या गल्लीतल्या नर्सबाईंकडे. नर्सबाई रिटायर झाल्यापासून घरी मुलं सांभाळतात. इकडे मी कारखान्यात एकतीस वर्षं टाइम-स्टडी केलेला माणूस. कुठल्या कामाला किती सेकंद लागतात हे झोपेतही सांगेन. नर्सबाई काय टिकणार!

टाइमटेबल तयार. दहा-दहा मिनिटांचे बारा स्लॉट. एकही मिनिट रिकामं नाही. बायकोनं विचारलं, यात खेळ कुठाय? स्लॉट सात दाखवला. मार्गदर्शित खेळ.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६.
सुरुवात उत्तम. हजेरीला दहाऐवजी चाळीस मिनिटं लागली, पण दोष डॉक्टरांच्या जुळ्यांचा. एकाचं नाव घेतलं की दोघं हात वर करतात.

स्लॉट पाच: बाथरूम. सहा मुलं, सहाशे सेकंद, प्रत्येकी शंभर. हिशोब चोख. जुळ्यांपैकी एकाला स्लॉट तीनमध्येच लागली. स्लॉट पाचपर्यंत थांब म्हटलं. थांबला नाही. गालिचा बायकोनं धुतला. धुताना एक शब्द बोलली नाही, हे लक्षण चांगलं नाही.
उद्यापासून बाथरूम स्लॉट दोनमध्ये.

५ ऑगस्ट, बुधवार.
फीडबॅकशिवाय प्रगती नाही. फॉर्म वाटले. अर्ध्यांना लिहिता येत नाही, म्हणून चेहरा काढा म्हटलं. आवडलं तर हसरा, नाही तर रडका. निकाल: रडके पाच, घोडा एक.
निष्कर्ष: हसरा चेहरा कुणीही काढतो, रडक्याला कसब लागतं. चित्रकलेचा स्लॉट यशस्वी. भिंगरीच्या चेहऱ्याचे अश्रू तर कागदाच्या तळापर्यंत गेलेत. कला आमच्या घराण्यातच आहे.

७ ऑगस्ट, शुक्रवार.
हजेरी चार. जुळी आजारी, डॉक्टरीणबाईंचा निरोप. सव्वाचारला बाल्कनीतून बघितलं तर दोघं नर्सबाईंच्या गल्लीकडे पळत होते. हल्लीचे ताप असेच, चढतात नि उतरतात.

१० ऑगस्ट, सोमवार.
स्लॉट चार: माझं भाषण, वेळेचं महत्त्व. शिंप्याची मुलगी (मी तिला प्रश्नपत्रिका म्हणतो) मध्येच उठली. आजोबा, तुम्ही एवढी वर्षं वेळ वाचवलात, तो ठेवलात कुठे? सिलॅबसच्या बाहेरचं आहे म्हणून खाली बसवली. नंतर चहा पार गार होईपर्यंत मीच त्यावर विचार करत होतो.
हॉलमध्ये उजेड कमी आहे, मुलांचं लक्ष त्यामुळे लागत नाही. बायकोला तसं सांगितलं. ती म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं.

१२ ऑगस्ट, बुधवार.
हजेरी दोन. प्रत्येक मुलाकडे वैयक्तिक लक्ष देता येतं. मोठमोठ्या शाळांना हे जमत नाही.

१४ ऑगस्ट, शुक्रवार.
हजेरी एक. भिंगरी. शहाण्यासारखी बसली होती. किती स्लॉट उरले, विचारलं. नऊ, म्हटलं. दहा मिनिटांनी पुन्हा विचारलं. वजाबाकी पक्की होतेय.
स्लॉट पाचला हळूच म्हणाली, आजोबा, मी जर... आणि थांबली. म्हटलं, मनातलं बोलायचा स्लॉट आठवा आहे, तेव्हा सांग. स्लॉट आठला ती सोफ्यावर झोपली होती.
उठवली नाही. टाइमटेबल मोडलं.

१७ ऑगस्ट, सोमवार.
लेकीनं भिंगरीला आजपासून नर्सबाईंकडे घातलं. महिना पुरा व्हायच्या आधीच! बाबा, ती शाळा सुटल्यावर रडते हो, म्हणाली. 
वही आणि स्टॉपवॉच घेऊन नर्सबाईंकडे गेलो. केवळ अभ्यासासाठी. भिंगरी अंगणात होती, तिला दिसलो नाही. उणिवा भरपूर: टाइमटेबल नाही. रजिस्टर नाही. बाथरूमला ज्याला लागेल तो जातो! एक मुलगा पाऊण तास टेबलाखाली. त्याची ॲक्टिव्हिटी कोणती, विचारलं. नर्सबाई म्हणाल्या, तो टेबलाखाली बसलाय. जुळी एका खोक्यावरून भांडली. बाईंनी एकदा मान वर करून बघितलं, परत विणायला लागल्या. थोड्या वेळानं दोघं त्याच खोक्यात बसून कुठेतरी निघाले होते. कोण भुकेनं किरकिरतंय आणि कोण उगाच, एवढं मात्र बाईंना न बघता कळतं.
मग माझ्या हातात लोकरीचा गुंता देऊन म्हणाल्या, बसलाच आहात तर सोडवा. सोडवायला घेतला. मान वर केली तेव्हा साडेपाच. स्टॉपवॉच चालू करायचंच राहिलं. अभ्यास अपुरा, परत जाणं भाग आहे.

१९ ऑगस्ट, बुधवार.
आज भिंगरीनं मला दारात बघितलं. हसत होती, ती गप्प झाली. तिला वाटलं, मी न्यायला आलो.
हा चेहरा ओळखीचा आहे. मी स्टॉपवॉच घेऊन कारखान्यात शिरलो की मशीनवरची माणसं अशीच गप्प व्हायची. एकतीस वर्षं मी त्याला शिस्त समजत होतो.
वाईट वाटलं. लोकरीसाठी आलोय, एवढंच तिला सांगितलं.

२१ ऑगस्ट, शुक्रवार.
मोठा निर्णय. दोन्ही क्लबांचं विलीनीकरण. जागा त्यांची, मुलं त्यांची, व्यवस्था त्यांची. आमच्याकडून मी. मंगळवार आणि गुरुवार. अट एकच, भिंगरीनं घातलेली: कुणी विचारल्याशिवाय आजोबांनी बोलायचं नाही. बायको ऐकून म्हणाली, हे मला चाळीस वर्षांत सुचलं नाही.

२५ ऑगस्ट, मंगळवार.
पहिला दिवस. माझ्या अनुभवाचा मुलांना उपयोग व्हावा म्हणून सल्ले तयार ठेवले होते. साडेचारपर्यंत कुणी काही विचारलं नाही. मग एक नवीन चिमुरडी आली, गुडघ्याशी उभी राहून मला न्याहाळलं आणि विचारलं, तुम्हाला घरी न्यायला कोण येणार?
खोक्यातून भिंगरी ओरडली, त्यांना मी नेणार आहे, साडेपाचला.