बुढीचा कंदील

७ मे १९५७, मंगळवार

आज माझ्या पुतण्यानं माझ्या पोराचं डोकं फोडलं. डोंग्याच्या बांबूनं. तलावाच्या पाळीवर, अख्ख्या ढिवर मोहल्ल्यासमोर!

पुतण्या म्हणजे लटारू, माझ्या मोठ्या दिराचा. पोरगा माझा वारलू. दोघं एकाच जाळ्याखाली झोपून मोठे झाले. आता लटारू तलावात मासे मारतो आणि वारलू मूल गावच्या स्टेशनाजवळच्या तेलाच्या डेपोत कामाला जातो. डेपोवाले टाक्यांचा काळा गाळ नाल्यात सोडतात. नाला येतो आमच्या तलावात. सकाळी पाहिलं तर पाळीला मरळ, झिंगे, सगळे पोट वर करून पडलेले.

लटारू ओरडला, "तुह्या मॅनेजरले सांग, हा तलाव काय त्याची मोरी हाय?"

"मले काऊन सांगतेस? मी का मालक हाय?"

"मालकाचा कुत्रा तर हायेस!"

मग बांबू. वारलूनंही त्याचा खांदा चावला, मांस निघेपर्यंत. मी मध्ये पडले, दोघांना काठीनं हाणलं, सारखंच. कोणाला कमी-जास्त नाही.

रात्री हळद भरताना मी म्हटलं, डोकं रिकामं होतं म्हणून वाचलास. तो हसला, मग रडला.

हे सगळं माझी सून अन्नपूर्णा लिहिते. चौथी पास आहे, अक्षरं गंजू नयेत म्हणून मी बोलते. मी "मले" म्हणते, ती "मला" लिहिते. वाचून दाखवलं की वाटतं, कोणी मास्तरीण बोलून राह्यली!

८ मे

लटारूच्या बायकोनं मरळ धाडली, समेट म्हणून. फोडणीला तेल घ्यावंच लागलं नाही — मासा आपलं तेल घेऊनच आला! राकेलचा वास. मांजरानंही तोंड फिरवलं.

१० मे, शुक्रवार

डेपोत आज मॅनेजरनं इसरूला लाथ घातली. इसरू वारलूचा जोडीदार. पेट्रोलच्या टाकीजवळ बिडी पेटवली म्हणून. कानाखाली दिली, पडल्यावर पोटात लाथ. "सारं मूल गाव उडवतेस काय रे!"

पिंपळशेंडे मॅनेजर आधी राईस मिलमध्ये मुनीम होता. तेलाला तांदळासारखंच मोजतो — आलं किती, गेलं किती. डेपोत दोन टाक्या. छोटी राकेलची. मोठी पेट्रोलची, आलापल्लीहून सागवान आणणाऱ्या ट्रकांसाठी. मोठी अर्धी जमिनीत पुरलेली आहे, वर मातीचा उतार, म्हशीच्या पाठीसारखी दिसते. तिच्यावर लाल पाटी आहे, इंग्रजीत. वारलूनं एकदा विचारलं, "साहेब, काय लिहिलं हाय?" तो म्हणाला, "कंपनीचं नाव." एवढं लांब नाव! माझ्या सासरच्या साऱ्या गोतावळ्याचं मिळून नसेल.

इसरूचा कान सुजला आहे. पण बिडीबाबत मॅनेजर खरा होता. हे मी इसरूलाही सांगितलं. तो म्हणाला, "माय, तू कोणाच्या बाजूनं हायेस?" मी म्हटलं, जो घरी परत येईल त्याच्या.

१२ मे, रविवार

इसरू परत आला नाही.

छोटी टाकी धुवायची होती. वर्षातून एकदा तेल काढून घेतात, मग माणूस वरच्या भोकातून आत उतरतो आणि तळाचा गाळ खरवडतो. झाकण आधी उघडं ठेवावं लागतं म्हणे. पण वॅगन येणार होती, मॅनेजरला घाई. "उतर, उतर, नवरदेवासारखा उभा काऊन?"

इसरू उतरला. आतून खरवडण्याचा आवाज आला, मग गाण्यासारखं काही, मग हसणं. दारू प्यायल्यासारखा हसत होता. मग काहीच नाही.

वारलू कमरेला दोर बांधून आत वाकला. केस हाती लागले. केस धरूनच ओढलं. बाहेर आला तेव्हा इसरूचे ओठ निळे होते आणि डोळे उघडे. भोकाच्या काठाला लागून हनुवटीची कातडी सोलली होती, पण रक्त येत नव्हतं. तिथंच कळलं.

मॅनेजर म्हणाला, "ऊन लागलं." लोखंडाच्या पोटात ऊन!

हमालांनी त्याला धरलं. शर्ट फाडला, मातीत लोळवला, एकानं त्याच्या तोंडात टाकीचा गाळ कोंबला. तो मालगाडीच्या डब्याखाली घुसला म्हणून वाचला. ओरडा ऐकून मी तिथं पोचले होते, पाहत होते. मला वाईट वाटलं नाही. लिही, अन्नपूर्णे, वाईट वाटलं नाही.

१३ मे

इसरूची मंगली आली होती. तिच्या कपाळावर अजून टाकीचा काळा डाग होता — नवऱ्याच्या छातीवर पडून रडली तेव्हाचा. साबणानं निघेना. मी राखेनं घासला.

वारलूला म्हटलं, आता जाऊ नको.

"माय, नाई गेलो तर लटारू सोबत मेलेले मासे वेचू काय?"

"वेच! मेलेल्या माशात जीव जात नाई."

"मोठी टाकी धुवायची हाय. मी नाई तर मंगलीचा भाऊ उतरन. त्याले मिसरूडबी नाई फुटलं."

मग मी त्याला विहिरीचं सांगितलं. आमच्या माहेरी, मोहर्लीकडे, जुन्या विहिरीत कोणी तसं उतरत नसे. आधी जळता कंदील दोरानं खाली सोडायचा. विझला तर आतली बया श्वास ओढून राह्यली, उतरायचं नाही. जळत राहिला तर तिचा कौल आहे. माझ्या बापानं साऱ्या जिंदगीत असंच केलं आणि तो खाटेवर मेला, म्हातारा होऊन, खोकत खोकत, सगळ्यांना शिव्या देत.

"कंदील घेऊन जाजो," मी म्हटलं. माझाच दिला. काच पुसून.

१५ मे, बुधवार

मी मोठी बाई झाले!

डेपोच्या आवारात बंद पडलेली विहीर आहे. आज ती उपसायला काढली. एक जण काठावर पाय टाकून बसला होता. वारलूनं त्याला मागं ओढलं आणि आधी कंदील सोडला. अर्ध्यावर गेला आणि — भुप्प! कोणी फुंकर मारल्यासारखा. पुन्हा पेटवला, पुन्हा विझला. मग एक कोंबडी टोपल्यात घालून सोडली. वर आली ती मान टाकून.

मग सगळे माझ्या पोराच्या पाया पडू लागले. मंगलीचा भाऊ घरी येऊन माझ्या पाया पडला. मी म्हटलं, पाय नको दाबू, ती कोंबडी कुठी हाय? तिची भाजी केली का फेकली?

मॅनेजरनंही म्हटलं, "मोठ्या टाकीले बी हाच दिवा. बुढीचा दिवा!" कोणीतरी विचारलं, साहेब, तिथं बिडी चालत नाही आणि दिवा कसा चालन? तो म्हणाला, "अरे, पेट्रोल काढून घेतलं. टाकी रिकामी हाय. आता काय जळणार — लोखंड?"

बरोबरच आहे. मलाही तसंच वाटलं.

१७ मे

वारलू जिवंत आहे. बाकी उद्या.

१८ मे, शनिवार

काल सकाळी सिरोंच्याचा मल्लय्या आला. ट्रकवाला. मूलहून जाताना माझ्याकडे आंबील पितो. त्याचं अर्धं तोंड भाजलेलं आहे, एक कान जाऊन नुसतं भोक राहिलं आहे. मी त्याला नेहमी चिडवते, तुझ्या बायकोनं चूल समजून फुंकलं का? काल त्याला बढाई सांगितली. माझा कंदील, विहीर, कोंबडी, सारं. आणि आज तोच दिवा मोठ्या टाकीत सोडतात, असंही.

त्यानं आंबिलीचा गडवा खाली टाकला. "वद्दु! वद्दम्मा! नको, नको माय!" आपल्या तोंडावर हात मारू लागला. "हे काय वाटते तुले? ह्येच! रिकामा पीप होता. आत पाहाले काडी ओढली. भरली टाकी जळते, माय. रिकामी फुटते! तेल जाते, वाफ राह्यते आत!"

मी त्याच्या ट्रकात चढले. या वयात! लुगडं कुठं, पदर कुठं.

डेपोच्या फाटकातून पाहिलं, वारलू मोठ्या टाकीच्या पाठीवर उकिडवा बसला होता. एका हातात जळता कंदील, दुसरा हात झाकणाच्या कडीवर. बाकी सगळे लांब, हात जोडून, देवळात उभे राहावं तसे. मॅनेजर निंबाच्या सावलीत, टोपी काढून.

मी ओरडले. वारलू हसला. "पाहा, माहा दिवा पाहाले माय आली!"

मल्लय्या ओरडत होता, पण घाबरल्यावर त्याच्या तोंडून तेलगूच निघत होतं. कोणाला काय कळणार? वारलूनं कडीला झटका दिला. गंजलेलं झाकण हललं नाही. त्यानं पुन्हा जोर लावला.

मातीच्या उतारावरून मी कशी चढले ते मला विचारू नका. वर पोचले आणि काठी घातली. पोराच्या मनगटावर. पूर्ण ताकदीनं, साप मारताना घालतात तशी. हाड मोडल्याचा आवाज आला. कंदील उडाला. वारलू पलीकडे गडगडत गेला, खाली दगडावर पाय आपटला, तोही मोडला. मी झाकणावर पालथी पडले आणि तिथंच चिकटून राहिले. झाकण बंद होतं. बंदच होतं.

पण कंदील गेला नाल्याकडे.

नाल्यात पाणी थोडं आणि गाळच फार. आधी निळी आग लागली, बारीक, गवताखालून पळणारी. मग तिनं तोंड उघडलं. नाला पेटला, अन्नपूर्णे! पाणी पेटलं! आग साप धावावा तशी नाल्यानं धावत तलावाकडे गेली. आम्ही वरून पाहत होतो.

नाल्याच्या तोंडाशी लटारू कमरेइतक्या पाण्यात जाळं लावत होता. त्यानं आग पाहिली आणि बुडी मारली. ढिवराचं पोर, दम मोठा. पण वर यावंच लागतं ना! तो जिथं वर आला तिथं आगच होती. पुन्हा बुडाला, पुन्हा वर आला. तीनदा त्याचं डोकं दिसलं. तिसऱ्या वेळी केस नव्हते.

डोंगे जळले, जाळी जळली, पाळीवरच्या झोपड्या गेल्या. मग मोहल्ला कुऱ्हाडी घेऊन डेपोत शिरला. मॅनेजरला निंबाखालून ओढला. त्याचे दोन्ही हात लाकडाच्या ओंडक्यावर ठेवून कुऱ्हाडीच्या बोथट तुंब्यानं ठेचले. मी ओरडत होते, कंदील माहा होता, काठी माही होती! माझा आवाज माझ्याच कानाला येत नव्हता. मॅनेजर "माय, माय" ओरडत होता. तो मला हाक मारत होता की त्याच्या मायला, कोण जाणे. मी टाकीवरून उतरून त्याच्यावर आडवी पडले तेव्हा ते थांबले. एक लाथ मलाही बसली. बरगडी दुखते.

हसू आलं तर दुखते. आज आलं नाही.

२० मे

लटारू गेला. केळीच्या पानावर ठेवला होता, कपडा सहन होत नव्हता. मी पाणी घालत बसले होते. म्हणाला, "काकी, मासा भाजून निघाला. तेल नाई लागलं."

माझीच मस्करी मला परत दिली.

तो जाण्याआधी वारलूला खाटेवरून उचलून नेलं त्याच्याकडे. वारलूनं त्याच्या खांद्याकडे पाहिलं. चाव्याची खूण शोधत होता. कातडीच नव्हती.

२२ मे, बुधवार

पोलीस जमादार आला. मी सांगितलं, कंदील मी दिला. दिवा सोडायचं मी शिकवलं. उडवलाही मीच. मोठी टाकी फुटली असती तर स्टेशनही राहिलं नसतं. आणि नाल्यात तेल नसतं तर कंदील पडून विझला असता, लटारू आज घरी असता — गाळ कोण सोडते तेही लिहा.

जमादार हसला. "बुढी, घरी जा. कोंबड्या राख."

मी म्हटलं, "कोंबडीच होती ती, विहिरीत मेली. तुमच्यापेक्षा लवकर समजलं तिले." तो पुन्हा हसला. मी मस्करी करते अशी माझी ख्याती आहे. जिंदगीभर कमावलेली.

२४ मे

आजपासून मी म्हणते तसंच लिहिजो, अन्नपूर्णे. शुद्ध नको करू. शुद्ध केलं का कोणी मेलं असं वाटतच नाई.

मोहल्ल्यातल्या बाया बोलून राह्यल्या — एवढी आग लागली, पण मोठी टाकी फुटली नाई, काऊन? बुढीचा दिवा जवळ होता म्हणून! मी म्हटलं, अवं येड्यानो, झाकण बंद होतं म्हणून! त्या हात जोडतेत. एकीनं तर माह्या काठीले कुंकू लावलं.

२८ मे, मंगळवार

नवा मॅनेजर आला. चांगला माणूस हाय म्हणते. कोणाले शिव्या देत नाई. येताच त्यानं बाजारातून नवा कंदील आणला, झेंडूचा हार घातला अन मोठ्या टाकीच्या झाकणावर ठेवला. टाकी उद्या सकाळी उघडतेत. मंगलीचा भाऊ उतरते.

नाला पुन्हा काळा वाहून राह्यला.

काठीचं कुंकू पुस, अन्नपूर्णे, हातातून सटकते. अन मल्लय्याले निरोप धाड — ट्रक पहाटेच आणजो म्हणा.