अर्धा न

स्पॅनिश घेऊन बीए करणाऱ्या बाईसाहेबांस,

सुट्टीत तू गॅलरीत कपडे वाळत घालताना फोनवर हळूच म्हणालीस, "एस्तोय कासादा." मी स्वयंपाकघरात होते आणि माझे कान अजून शाबूत आहेत. भाषाही अशी निवडलीस की घरात कुणाला ओ की ठो कळू नये. तू होस्टेलवर परत गेल्यावर तुझा जुना शब्दकोश काढला. एस्तोय म्हणजे मी आहे, आणि कासादा म्हणजे विवाहित स्त्री.

मग सगळा उलगडा झाला. सुट्टीभर तू धाकट्याशी एकदाही भांडली नाहीस. ताटातलं तसंच टाकून उठायचीस. मी काहीही म्हटलं की, "बरं, आई." तू आणि बरं? पोटात काहीतरी दडवलेलं माणूसच इतकं गोड वागतं. बाबांना बोलले नाही, उगाच घर डोक्यावर घेतील.

काल तुझ्या वर्गातली ती चष्मेवाली बाजारात भेटली, घरी आलीय म्हणे. मी आडून आडून त्या फोनवरच्या शब्दाबद्दल विचारलं, तर हसली. "काकू, ती कान्सादा म्हणाली असेल. म्हणजे थकलेली."

मैत्रिणी एकमेकींवर पांघरूण घालतातच, म्हणून घरी येऊन पुन्हा शब्दकोश उघडला. आहे तो शब्द. आणि माझे सगळे पुरावे त्यालाही चपखल बसतात.

लग्न केलं असतंस, तर आदळआपट करून मोकळी झाले असते. आता कुणावर करू?

हे पत्र पाठवणार नाही. पाठवलं तर लगेच फोन करून म्हणशील, "काही नाही गं, मी ठीक आहे." मराठीत तू नेहमी ठीकच असतेस.

तुझी,
अर्धवट ऐकणारी आई