कॅल्विनच्या दंडातली सुई

पिट्सबर्ग

प्रिय विल्मा,

तुझा कॅल्विन बरा आहे. तू प्रवासात असताना त्याच्या रक्तात विष भिनलं आणि औषध सुईनेच द्यायचं होतं. पण तुझा मुलगा बंदुकीच्या गोळ्या छातीवर झेलतो, हे तुला ठाऊक नाही. माझ्या दवाखान्यातल्या सगळ्या सुया वाकल्या.

त्याचे मुखवटेवाले साथीदार हिऱ्याच्या टोकाची सुई घेऊन उडत आले. तीही मोडली.

“मगरीच्या पोटचा आहेस का रे?” त्यांच्यातली मार्लिस म्हणाली.

“तू बोलतेस, त्यापेक्षा सुई बरी,” तो दात आवळून हसला.

भीती दाबली की त्याची कातडी लोखंड होते. आणि साथीदारांसमोर घाबरायचं नाही, मुखवटा काढायचा नाही, हा त्यांचा नियम.

मार्लिसने मुखवटा काढून फेकला. मुरुमांनी भरलेला, रडवेला चेहरा.

“मी घाबरलेय, गाढवा! तू मेलास तर?”

कॅल्विन हुंदके देऊन रडला. त्याचा दंड सैल पडला आणि मी लगेच सुई टोचली.

त्याचं गुपित राखायला तुला मी साधा ताप होता असंच सांगणार, म्हणून हे पत्र टपालात पडणार नाही. आल्यावर त्याला जवळ घे. तो मऊ लागेल.

तुझी थोरली बहीण,
लोरेटा