एकाच फितीवर दोघांचं गाणं

बाबा,

परवा घरासमोरून वरात गेली. गाडीवर भिंतीएवढे भोंगे, आणि त्यातून एका जुन्या गाणारणीचा आवाज येत होता. चिरलेला, मागंपुढं ओढलेला, खाली कुणीतरी धाडधाड ठोके बसवलेले. भाचा म्हणाला, "मावशी, याले रिमिक्स म्हनतात." मला ओकारीच आली. मी आत जाऊन दार लावून घेतलं. त्याला वाटलं, म्हातारपणाची चिडचिड. पण अशी ओकारी मला आधीही एकदा आली होती, बडनेऱ्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, आणि तेव्हा तुम्ही शेजारी बसला होतात. ते आठवणारं दुसरं कुणी उरलेलं नाही, म्हणून तुम्ही नसलात तरी तुम्हालाच लिहिते आहे.

छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर तुम्ही एक गाणं रचलंत. मालधक्क्यावरची पाळी संपली की गायनपार्टी घेऊन तुम्ही चांदूर रेल्वेपर्यंत जायचात आणि उभ्यानं ते गायचात. ढोलकीवाला मागं पडायचा, तुम्ही थांबायचा नाहीत. आई तेच गाणं घरात गायची, पण निम्म्या चालीनं, तांदूळ निवडताना, जसं काही शब्दसुद्धा निवडूनच ताटात टाकते आहे. तुम्ही कितीदा म्हणालात, "चाल ना माह्यासंगं. दोघं मिळून म्हनू." ती मान हलवायची. "मी नाही बा. तुमी ताल ओढता. तुमच्यामांगं धावत गाऊ काय मी?" तुम्ही हसायचात. मला ते नवराबायकोचं लटकं भांडण वाटायचं. ती खरोखर नाही म्हणत होती, हे मला कळायला फार उशीर झाला.

मी तेव्हा अकोल्याला अध्यापिका विद्यालयात नोकरीला लागले होते. तिथं टेपरेकॉर्डर आला होता, मुलींचं बोलणं शुद्ध करायला. मोठ्या बाई पुण्याच्या. त्या एकेक मुलीला बोलायला लावायच्या आणि तिचं 'मले' 'तुले' तिलाच ऐकवायच्या. वर्ग हसायचा. ती मुलगी पदराच्या टोकाशी चाळा करत उभी. मला त्या यंत्राचा तेव्हाच वीट आला होता. तरी दिवाळीच्या सुट्टीत मी ते मागून घेतलं, गोधडीत गुंडाळलं, मांडीवर घेऊन पॅसेंजरनं घरी आणलं. आईचं गाणं फितीवर घेतलं. ती स्वयंपाकघरातून उठलीच नाही, चुलीपुढं बसूनच गायली. पुढच्या उन्हाळ्यात काविळीनं गेली. तिच्या आवाजाची तेवढी एक फीत राहिली.

वर्षभर तुम्ही त्या फितीचं नाव काढलं नाही. मग एकदा जेवताना म्हणालात, "बाई, माह्या आवाजात तिचा आवाज मिसळता येते काय?" मी म्हटलं, मला असलं काही येत नाही. तुम्ही म्हणालात, "शिक ना मंग. मास्तरीन हायस तू."

अकोल्यातल्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, यंत्र नवं भरायच्या आधी जुनं पुसतं. पुसणाऱ्या भागावर जाड कागदाची पट्टी चिकटवली तर जुनं राहतं आणि नवं त्याच्यावर चढतं. पण नवं जुन्याला दाबणार. शिवाय भरताना जुनं ऐकू येणार नाही, अंदाजानंच गावं लागणार. मी तुम्हाला सगळं सांगितलं. हेही सांगितलं, की बिघडलं तर दुसरी फीत नाही. तुम्ही म्हणालात, "कर."

सुट्टीत मी यंत्र पुन्हा मागून आणलं. त्या रविवारी तुम्ही आंघोळ करून, जयंतीला घालायचा तो पांढरा सदरा घालून बसलात. दिव्याच्या होल्डरमधून वायर ओढलेली. यंत्र तापेपर्यंत तुम्ही दोनदा पाणी प्यालात. मी घड्याळावर नजर ठेवून हात खाली केला की तुम्ही सुरू करायचं, एवढीच आपली युक्ती. आईची चाल मी तुम्हाला आधी ऐकवली होती आणि तुम्ही मान हलवली होती, कळलं म्हणून. हात खाली आला आणि तुम्ही गायला लागलात. पहिली ओळ सावकाश. दुसऱ्या ओळीला डोळे मिटले, आणि मग तुमचं ते नेहमीचं सुरू झालं. मी हातानं सावकाश, सावकाश म्हणत होते. तुम्ही बघतच नव्हतात.

मग आपण ऐकलं. त्याला गाणं म्हणायचं नाही. तुमचा आवाज पुढं, अंगावर येणारा, आणि त्याच्याखाली आई, तोंडावर उशी दाबल्यासारखी. शब्द कळत नव्हते, नुसतं घशातलं काहीतरी गुरगुरत होतं. तुम्ही ध्रुपदावर यायचात तेव्हा ती अजून मागच्या कडव्यात चाचपडत असायची. ती कधी तुमच्यामागं धावली नव्हती, आणि आता मेल्यावर आपण तिला फरफटत नेत होतो. ओकारी आली ती तेव्हा. बंद करावं म्हणून मी हात पुढं केला, तो तुम्ही धरलात. तुमचं गाणं संपलं. तिचं राहिलं होतं. तुमच्या गप्प बसण्याखाली ती एकटीच रखडत राहिली, आणि शेवटी त्याच गुदमरल्या आवाजात म्हणाली, "झालं काय? बंद कर आता थे, भाजी लागून राहिली."

तुम्ही उठून अंगणात गेलात आणि थुंकलात. तोंड धुतलंत, पुन्हा थुंकलात. मी दारात आले तर माझ्याकडं न बघता म्हणालात, "पुस थे."

"पुसलं तर काहीच नाही राहणार, बाबा."

"तिले इचारलं होतं काय आपण? जिती होती तवा नाही म्हने. मेली तं धरून आनली." मग सदरा काढून दोरीवर फेकलात. "घान केली मी. पुस."

घाण आपण दोघांनी केली होती, पण मला त्या वेळी किळस आली ती तुमची. त्या पांढऱ्या सदऱ्याची, मिटलेल्या डोळ्यांची. आईच्या आवाजासाठी नव्हे, आपल्याच आवाजाला जोड हवी म्हणून तुम्ही हे करवलंत, असं मनात बसलं ते बसलंच. मी पुसलं नाही. फीत विद्यालयाची होती, इतके दिवस मी ठेवून घेतलेली; आता यंत्राबरोबर परत द्यावी लागली. सुट्टीनंतर मोठ्या बाईंनी तीच यंत्रावर चढवली आणि आपलं गाणं पुसून त्यावर मुलींकडून 'मला, तुला, त्याला' म्हणून घेतलं. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते. तेही किळसवाणंच होतं.

निवृत्तीनंतर तुम्ही माझ्याकडं अकोल्याला राहायला आलात. पार्टी सुटली होती, दम पुरत नव्हता. संध्याकाळी ओसरीवर बसून तुम्ही ते गाणं सुरू करायचात. किती सावकाश गायला लागला होतात तुम्ही! एक ओळ म्हणून थांबायचात आणि आत माझ्याकडं बघायचात. एकदा तोंडानं विचारलंतही, "तू म्हन ना पुढं." मी वह्या तपासत होते. म्हटलं, "मला कुठं गाता येतं, बाबा." तुम्ही "बरं" म्हणालात आणि पुढची ओळ स्वतःच म्हटलीत.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, भाच्याला तर नाहीच. लिहून झालं की चुरगाळून टाकीन. पण तुम्हाला एवढं सांगून ठेवते: मला गाता येत होतं. विद्यालयात रोज सकाळी प्रार्थना मीच सांगत होते. फक्त तुमच्यासोबत गायचं नव्हतं.