बिनकड्यांचं घर

सोमवार, २

सुटलो. मी तुरुंगात कुजणार म्हणून सगळं कॉलेज टपून बसलं होतं, आणि मी बसलोय एका सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत. खिडकीला पडदा, उशीला धुतलेला अभ्रा. न्यायाधीश म्हणाले, वय कमी, गुन्हा पहिलाच, आणि मेलेल्या मुलाचा बापच विनंती करतोय. तेव्हा तुरुंगाऐवजी वर्षभर त्या घरी राहायचं आणि त्या मुलाच्या वाटणीचं काम करायचं. वकील कानाशी पुटपुटला, नशीब काढलंस लेका.

बाप म्हणजे काका. जन्मभर तुरुंगात पहारेकरी होते, निवृत्त झाल्यावर हे दुकान टाकलं. म्हणाले, आत गेलेली पोरं बाहेर येताना पाहिलीत मी, एक धड आलं नाही. माझा गेला तो गेला, दुसऱ्याच्या पोराला कशाला नासवू. बोलताना बघत होते चाकाकडे, माझ्याकडे नाही.

या घरात एकाही दाराला कडी नाही. काकांनी स्वतः सगळ्या उपटल्या, भोकं लांबी भरून बुजवली. आयुष्यभर लोकांना कोंडलं, आता पुरे, म्हणतात. न्हाणीघरालाही कडी नाही, आत असलं की गाणं म्हणायचं. माझा आवाज ऐकून शेजारी घर सोडतील. पळायचं तर मीही पळू शकतो, दार उघडंच असतं. पण पळालो की सरळ तुरुंग, असं देखरेखीच्या बाईंनी बजावलंय. त्या दर सोमवारी येणार आहेत. येऊ देत.

गुरुवार, ५

काकांच्या मुलाला घरात गुंड्या म्हणायचे. नाव गुंड्या आणि माणूस गरीब गाय. डावखुरा होता, म्हणून दुकानातल्या फळीवर सगळे पाने उलट्या बाजूला टांगलेत. माझा हात दर वेळी चुकतो. काका चाकाची आउट काढायला शिकवतायत. चाक फिरवायचं, जिथे डुलेल तिथल्या तारा थोड्या थोड्या आवळायच्या. मी जोर करतो, तार तुटते. काका म्हणाले, पाना तू धर, रागाच्या हातात देऊ नकोस.

झालं ते एकदा लिहून टाकतो. तिसऱ्या वर्षाला मी कॉलेज सोडलं, कारण जिच्यासाठी मी झुरत होतो, ती त्याच्या शेजारी बसायला लागली होती. सोडलं तरी वाचनालयाच्या जिन्यावर तिची वाट बघत उभा राहायचोच. त्या दिवशी तो जिना चढून आला, मी वरच्या पायरीवर होतो. शब्दाला शब्द वाढला. त्याने हात उगारला, मी ढकललं, तो खाली आपटला, डोकं मागून फुटलं. कोर्टात हेच सांगितलं, इथेही हेच लिहितो.

जेवताना काकूंनी, त्याच्या आईने, विचारलं. बाकी काही नको, एवढंच सांग, त्याने खरंच हात उगारला होता का. घरात झुरळ मारायचं झालं तरी तो दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचा. मी म्हणालो, हो. काकूंनी मान हलवली आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला.

सोमवार, ९

गंमत झाली. आज एकदाही पाना शोधावा लागला नाही. हात आपोआप जातोय. डावा.

बाई आल्या. सही करताना पेनही डाव्या हातात. बाई म्हणाल्या, अक्षर सुधारलंय तुझं. काका फळीकडे बघत राहिले.

शनिवार, १४

काकूंनी त्याचे शर्ट काढून दिले. कपाटात पडून काय करायचेत, म्हणाल्या. तो माझ्यापेक्षा खांद्यात बारीक होता, मला नक्की आठवतंय. शर्ट अंगाला नेमका बसला. गुंड्या लावताना त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा म्हणालो, हो काकू, उगारला होता. तेव्हापासून डोकं मागून ठणकतंय.

दुपारी कॉलेजातली ती आली, सायकलमध्ये हवा भरायला. दोन वर्षं मी ज्या नजरेसाठी तळमळलो, त्या नजरेने तिने माझ्याकडे बघितलं. लाज वाटायला हवी होती मला. ती गेल्यावर मी चक्क शीळ घालत बसलो. काकांच्या हातातली हातोडी थांबली. म्हणाले, ही चाल तुला कुठून येते.

मला शीळ घालता येत नाही. कधीच आली नाही.

बुधवार, १८

ती पुन्हा आली. जाताना म्हणाली, येते रे गुंड्या.

मी तिला थांबवलं नाही. चूक दुरुस्त केली नाही. ओ दिली.

मग सायकलवर बसता बसता तिने विचारलं, माझी पुस्तकं तुझ्याकडेच राहिली ना त्या दिवशी.

पुस्तकं जिन्यावर सांडली होती. लोक यायच्या आत मीच ती गोळा केली, वाचनालयाच्या खिडकीत रचून ठेवली. सांडलेली कुणाला दिसू नयेत म्हणून. का दिसू नयेत, ते — नाही लिहीत.

रविवार, २२

आज माझी आई भेटायला आली. माझा स्वेटर घेऊन. मी चाक सोडून उठलो, आई म्हणालो. ती दारातच पांढरीफटक पडली. तिने गुंड्याचा फोटो कोर्टात बघितलेला. भिंतीला धरून खाली बसली आणि मला हात जोडले. माझा मुलगा तापट आहे रे बाळा, म्हणाली, पण वाईट नाही. त्याला माफ कर.

मी ओरडून सांगत होतो, अगं मीच तो. तिला ऐकू गेलं की नाही — ती माफ कर, माफ कर करत राहिली. काकूंनी तिला पाणी दिलं.

स्वेटर परत घेऊन गेली. तिच्या मुलाचा होता ना.

सोमवार, २३

ठरवलं. बाईंसमोर खरं सांगायचं. मग नेऊ देत तुरुंगात. तिथे दाराला कडी असेल, सकाळी हजेरी असेल, माझं नाव घेऊन मला हाक मारतील.

तिघांना बसवलं. म्हणायचं होतं, त्याने हात उगारला नव्हता, मी कोर्टात खोटं बोललो. तोंडातून आलं, मी हात उगारला नव्हता.

काकूंनी माझं डोकं छातीशी धरलं. ठाऊक होतं मला, राजा. ठाऊकच होतं.

त्यांचा तळवा माझ्या डोक्यामागून निघाला तो ओला. टॉवेलला पुसला.

बाईंनी विचारलं, कोर्टाने पाठवलेला मुलगा कुठंय. काका चाक फिरवत म्हणाले, गेला असेल. दार उघडंच असतं.

चाक जरासुद्धा डुलत नव्हतं.

मंगळवार, २४

बाहेर पडलो. कुणी अडवलं नाही. गल्ली, वळण, आणि वळणापलीकडे — जिना. दगडी. वाचनालयाचा. मागे फिरलो, दुसऱ्या गल्लीने गेलो. तिथेही तोच.

वरच्या पायरीवर कुणीतरी उभा आहे. माझा जुना निळा शर्ट. कान लालबुंद.

इतका राग होता माझ्या तोंडावर. मला माहीतच नव्हतं —

डोक्यामागे हात लावला. मऊ लागतं.

गुरुवार

लिहितो आता. त्याने हात उगारला नव्हता. उगारता येणारच नव्हता. तिची सगळी पुस्तकं छातीशी धरून तो — तो हसत होता. जरा बाजूला होतोस का, म्हणाला. एवढंच. मी —

कोण वाचणार हे. अक्षर त्याचं आहे.

—

ती आली आहे खाली. वाचनालयात पुस्तकं परत करायची आहेत, चल म्हणते. आईने खिडकीतून सांगितलं, जपून जा रे.

जिन्याच्या वर तो उभा आहेच. त्याला म्हणेन, बाबा रे, माझ्या हातांकडे बघ आधी. बघेल कदाचित. या वेळी —

हाका मारतेय. वही ठेवतो. पुस्तकं जड आहेत, दोन्ही हात लाग